स्टेशनपासून पाड्यापर्यंत : पालघर–बोईसरच्या रेल्वेमार्गाची आखणी

विरारच्या पुढे गुजरातच्या दिशेने निघाले की स्टेशनांच्या नावांना ‘रोड’ हे शेपूट लागलेले दिसते. केळवे रोड, डहाणू रोड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड. नवखा माणूस डहाणू रोडला उतरतो आणि समुद्र कुठे दिसतो का ते पाहू लागतो. मग रिक्षावाला त्याला सांगतो की डहाणू गाव अजून पुढे आहे, हे मल्याण. स्टेशनाला ज्या गावाचे नाव दिले ते गाव स्टेशनावर नाही. तिकडे जाणारा रस्ता तेवढा इथून फुटतो. त्या रस्त्याने पुढे कोणी कसे जायचे हा रेल्वेचा प्रश्न नाही. ह्या पट्ट्यातील रेल्वेमार्गाची आखणी कोणी आणि कोणासाठी केली ह्याचा शोध घ्यायचा तर ह्या शेपटापासूनच सुरुवात करावी असे मला वाटते.

हा शोध मला केवळ अभ्यासाचा विषय म्हणून सुचलेला नाही. माझे आजोबा मनमाडच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. रुळाखालची खडी ठोकून ठोकून त्यांचे तळहात असे झाले होते की तव्यावरची भाकरी ते हातानेच उलटत. वडील १९८० नंतर कामाच्या शोधात बोईसरला आले आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्यांची उमर गेली. घरातला पहिला पदवीधर मी. ती पदवी मला ह्याच मार्गावरच्या शटलगाडीने मिळवून दिली. म्हणून रेल्वेविषयी लिहिताना माझ्या मनात कृतज्ञताही आहे आणि रागही आहे. वाचकांनी हे आधीच ध्यानात घेतलेले बरे.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. कर्नल जे. पी. केनेडी हा अभियंता तिचा सूत्रधार. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी सह्याद्रीचे घाट फोडून दख्खनमध्ये शिरू पाहत होती. केनेडीचे म्हणणे असे की डोंगर फोडण्यात पैसा ओतण्यापेक्षा समुद्रालगतच्या सपाटीने गुजरातेत जावे. चढ कमी, खर्च कमी, आणि पलीकडे कापूस. सरकारने अशा कंपन्यांना ५ टक्के व्याजाची हमी दिली होती आणि जमीनही फुकट दिली होती. मार्ग तोट्यात गेला तर ती तूट हिंदुस्थानच्या रयतेच्या करातून भरून निघणार होती. अशी हमी पदरात असलेल्या कंपनीला मधल्या वाड्या-पाड्यांतून किती उतारू मिळतील ह्याची विवंचना करण्याचे कारण नव्हते. काम सुरू झाले तेही गुजरातच्या टोकाकडून. १८६० साली अंकलेश्वर ते सुरतेजवळचे उतराण हा पहिला भाग खुला झाला, आणि १८६४ च्या नोव्हेंबरात गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आली. अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध पेटले होते, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला होता, ते हेच दिवस. ज्या कापसात तिकडच्या गुलामांचा घाम मुरलेला होता त्याची जागा भरून काढण्यासाठी गुजरातचा कापूस ह्या रुळांवरून मुंबई बंदराकडे वाहू लागला. आमच्या पालघर-बोईसरचा जगाच्या अर्थव्यवस्थेशी पहिला परिचय झाला तो असा, मधली वाट म्हणून.

नकाशा पुढे घेऊन पाहिले म्हणजे ह्या आखणीचे तर्कशास्त्र चटकन कळते. पश्चिमेला समुद्र, आणि समुद्रातून आत घुसलेल्या खाड्या व खाजणे. पूर्वेला तांदुळवाडी, काळदुर्ग, अशेरी हे डोंगर आणि त्यांच्यामागे रान. नांदती गावे सारी किनाऱ्यावर: आगाशी, केळवे-माहीम, सातपाटी, तारापूर, चिंचणी, डहाणू. पण किनाऱ्याने रूळ टाकायचे तर थोड्या थोड्या अंतरावर खाडी ओलांडावी लागणार. म्हणून खाजण संपते आणि डोंगर सुरू होतो त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून रेषा ओढली गेली. वसईची खाडी आणि वैतरणा ह्या दोन ठिकाणी मात्र सुटका नव्हती. पिळाचे लोखंडी खांब चिखलाच्या तळात फिरवत खोल रोवायचे आणि त्यांवर लोखंडी तुळया टाकायच्या, ही रीत ह्या कंपनीने आपल्या पुलांसाठी वापरली. अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले तर ही आखणी उत्तमच होती आणि तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. दीडशे वर्षांहून अधिक काळ ती टिकून आहे. प्रश्न एवढाच की चढ किती, पूल किती, भराव किती हे ज्याने विचारले त्याने इथे राहते कोण हे विचारले काय? ह्या पट्टीत आणि तिच्या पूर्वेच्या रानात वारली, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा ह्यांचे पाडे होते. त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाती जमिनीचा कागद होता. ज्याच्याकडे कागद नाही तो मोजणीच्या नकाशावर दिसत नाही.

रेल्वे आली आणि सत्तेची ठिकाणे बदलली. पूर्वी ह्या तालुक्याचे नाव माहीम होते आणि कचेरी केळवे-माहीमला होती. रूळ पालघरवरून गेले. पुढे कचेरी पालघरला आली, तालुक्याचे नाव पालघर झाले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन जिल्ह्याचेही तेच नाव झाले. एका स्टेशनाने जुन्या बंदराला कसे मागे टाकले ह्याचे हे उदाहरण. पण कचेरी समुद्राकडून रुळाकडे सरकली म्हणून ती पाड्याच्या जवळ आली असे कोणी समजू नये. मैलांनी ती जवळ आली, एवढेच.

कारण रुळांबरोबर आणखी काही गोष्टी आत शिरल्या. रुळाखाली घालायला स्लीपर हवे होते, त्यासाठी साग हवा होता. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांमागे रेल्वेची ही भूक होती हे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. ज्या रानात वारली पिढ्यान्‌पिढ्या फिरत शेती करीत होता ते रान सरकारी झाले आणि तो स्वतःच्या रानात चोर ठरला. दुसरी गोष्ट गवताची. मुंबईच्या तबेल्यांना आणि घोड्यांना गवत लागे, आणि ठाणे जिल्ह्याच्या ह्या भागातले गवत रेल्वेने तिकडे जाऊ लागले. ज्या माळावर कालपर्यंत कोणाची गुरे अडवली जात नव्हती त्या माळाला भाव आला. सावकार, दारूचा मक्तेदार, लाकडाचा ठेकेदार आणि गवताचा व्यापारी (पुष्कळदा हे चारी एकच गृहस्थ असत) स्टेशनाच्या आधाराने आत पसरले, आणि जमिनी वारल्यांच्या हातून गेल्या. सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन ह्यांनी १९३८ च्या सुमारास सरकारला सादर केलेल्या अहवालात ह्या वेठीचे आणि कर्जाच्या गुलामगिरीचे वर्णन आहे. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारली उठला तेव्हा त्याचा पहिला मोठा संप कशासाठी होता? गवतकापणीच्या मजुरीसाठी. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मुळे हा लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे; पण त्या गवताच्या भाऱ्याचा पुढचा प्रवास रुळावरून होत होता, आणि मजुरी व मुंबईचा भाव ह्यांतले अंतर स्टेशनावरच पडत होते, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

इथे एक सैद्धांतिक प्रश्न उपस्थित होतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. कार्ल मार्क्सने १८५३ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात हिंदुस्थानविषयी लेख लिहिले. त्यांत त्याने असे भाकीत केले होते की रेल्वेतून निर्माण होणारे आधुनिक उद्योग जातिव्यवस्थेचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. आमच्यातल्या डाव्या मित्रांना हे भाकीत प्रिय आहे. त्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. एका बाकावर कोण बसले हे तिकीट विचारत नाही. डब्यात बसणाऱ्या ब्राह्मणाला शेजारच्याची जात पाहून डबा बदलण्याची चैन फार काळ परवडली नाही. पण त्या भाकितानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, १९०१ साली, सातारा जिल्ह्यात काय घडले ते बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आत्मकथनपर लेखनात सांगितले आहे. लहानगा भीमराव आपल्या भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. गाडीत कोणी त्यांना काही विचारले नव्हते. स्टेशनमास्तराने विचारपूस केली, मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे द्यायला तयार असूनही बसवून घेईनात. शेवटी एकजण तयार झाला तो अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालेल. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

मसूरची ही हकीकत आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो. रेल्वेच्या इतिहासाचा दाखला म्हणूनही ती वाचली पाहिजे असे मी सुचवीन. मार्क्सचे भाकीत डब्यात काही अंशी खरे ठरत होते आणि फलाटाच्या दाराशी संपत होते. स्टेशनपासून वस्तीपर्यंतचे जे अंतर, ‘रोड’ ह्या शब्दात दडलेले, ते गावाच्या ताब्यात होते. मार्ग आखणाऱ्याने स्टेशन कुठे ठेवले ह्यावर ते अंतर ठरत होते, आणि ते अंतर जितके अधिक तितकी जातीची सत्ता अधिक.

आणि खुद्द रेल्वेच्या नोकरीत तरी काय होते? १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित वर्गीय कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत हे त्यांचे विधान त्याच भाषणातले. त्या विधानाचा उल्लेख पुष्कळ होतो. त्याच भाषणात त्यांनी जो बारीक तपशील मांडला तो मात्र क्वचितच सांगितला जातो: अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमनच राहतो, त्याला वर चढण्याची वाट नाही, आणि त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात कसे घेणार? म्हणजे रूळ जमिनीवर नीट बसवायला तो चालतो, फलाटावर सामान उचलायला चालत नाही. माझ्या आजोबांना ह्या परिषदेची माहिती ऐकीव होती, पण तिचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता पुन्हा आमच्या मार्गाकडे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली स्थानिक गाडी सुरू झाली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा आरंभ पश्चिमेकडे इथून मानतात. १९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली. उपनगरी वाहतूक डहाणू रोडपर्यंत नेण्यात आली ती १६ एप्रिल २०१३ रोजी. मधे १४६ वर्षे गेली. विरार ते डहाणू रोड अंतर सुमारे ६४ किलोमीटर, रूळ १८६४ पासून जागेवर. नवी आखणी करायची नव्हती, डोंगर फोडायचा नव्हता. फक्त ह्या रुळांवर राहणारी माणसे रोज कुठेतरी जाऊ इच्छितात हे मान्य करायचे होते. ते मान्य व्हायला दीड शतक लागले.

त्या मधल्या काळात आमची सोय शटलने आणि पॅसेंजरने व्हायची. पहाटेच्या शटलमध्ये सातपाटीच्या कोळणी मासळीच्या टोपल्या घेऊन, सफाळ्याच्या बाया भाजी घेऊन, आम्ही विद्यार्थी वह्या घेऊन. मागून मेलगाडी आली की शटल बाजूला काढून उभी करीत. मेल धडधडत निघून जाई, तिच्या खिडक्यांतून झोपलेली माणसे दिसत. एम.ए.च्या परीक्षेच्या दिवसांत मी आदल्या रात्रीच मुंबईला एका नातेवाइकाच्या खोलीत जाऊन झोपत असे. सकाळच्या गाडीच्या भरवशावर पेपर सोडून द्यायची माझी तयारी नव्हती. दोनच रूळ, आणि त्यांवर आधी हक्क लांबच्याचा. आखणी म्हणजे केवळ जमिनीवरची रेषा नव्हे, वेळापत्रकही आखणीच असते, हे मी शटलमध्ये शिकलो.

बोईसरचे प्रकरण ह्याहून वेगळे. तारापूरला अणुवीज केंद्र उभारायचे ठरले, १९६९ च्या ऑक्टोबरात त्याच्या पहिल्या दोन संचांनी व्यापारी उत्पादन सुरू केले. नाव तारापूरचे, पण सगळा राबता बोईसर स्टेशनाचा. पुढे औद्योगिक वसाहत आली, तिचेही नाव तारापूर आणि जागा बोईसरच्या अंगणात. एक साधे स्टेशन पाहता पाहता मोठे गाव झाले. खैरापाडा, दांडीपाडा ही आजच्या दाट वस्तीची नावे नुसती वाचा. पाडा नावात शिल्लक आहे. ज्यांचा तो होता ते पूर्वेला सरकले, आणि त्यांच्या जागी मराठवाड्याचे, खानदेशाचे, उत्तर प्रदेश-बिहारचे आम्ही लोक चाळींतून राहायला आलो. हे मी अपराधी भावनेने लिहीत नाही. माझ्या वडिलांना गावात मजुरीसुद्धा जातीच्या अटीवर मिळत होती, कारखान्यात ती अट निदान दारावर लावलेली नव्हती. परंतु एका दलिताची मुक्ती जिथे सुरू झाली ती जागा दुसऱ्या एका शोषिताच्या पायाखालून काढून घेतलेली होती, ही गोष्ट आपल्या चळवळीने डोळसपणे पाहिली पाहिजे. पुढे अणुवीज केंद्राचा तिसरा व चौथा संच आला तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले.

२०१३ ची लोकल आली तेव्हा पालघर, बोईसर, वाणगावला लोकांनी इंजिनला हार घातले असतील तर त्यात नवल नाही. मीही त्या आठवड्यात विनाकारण चर्चगेटपर्यंत जाऊन आलो. पण दोनच रुळांवर मेल, मालगाडी आणि लोकल असे तिघे. गाड्या वाढवायच्या तर रूळ वाढवायला हवेत. २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा मंजूर केला आणि त्यात विरार–डहाणू चौपदरीकरण आले. नव्या रुळांची आखणी जुन्याच्या कुशीतूनच होते, त्यामुळे १८६४ चे सगळे गुणदोष त्यात वारशाने आले. वैतरणेवर दोन पूल आहेत आणि त्या दोन पुलांच्या मधल्या बेटावर वाढीव हे गाव आहे. दीडशे वर्षे गाडी गावाच्या उशाशी धडधडते आहे, आणि गावातल्या माणसाला बाहेर पडायचे तर वर्षानुवर्षे वाट एकच: रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेने, समोरून किंवा मागून गाडी येईल ह्या भीतीने जीव मुठीत धरून चालत जायचे. मुले अशीच शाळेला गेली. आजारी माणसे अशीच नेली गेली. रेल्वेमार्गावर असूनही रस्ता नसणे म्हणजे काय हे ज्याला पाहायचे आहे त्याने पालघर जिल्ह्यात यावे.

गेल्या दहा वर्षांत तर ह्या चिंचोळ्या पट्टीवर रेषांची दाटी झाली आहे. जवाहरलाल नेहरू बंदरापासून उत्तर प्रदेशातल्या दादरीपर्यंतचा सुमारे १,५०० किलोमीटरचा मालवाहू मार्ग इथून गेला. त्यावर उतारूंची गाडी नाही. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादला बसवली गेली. ५०८ किलोमीटरांत बारा स्थानके, त्यांपैकी विरार आणि बोईसर ही दोन आमच्या जिल्ह्यात. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली, म्हणजे त्याला जोडणारा रेल्वेमार्गही ओघाने आला. ह्याउलट जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा ह्या पूर्वेकडच्या तालुक्यांत आजही रेल्वे नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिले की तिथवर पोहोचायलाच वाट नाही. डहाणूहून नाशिकला रेल्वे न्यावी ही मागणी जुनी आहे. पण तिच्या दुसऱ्या टोकाला कापूस नाही, बंदर नाही, शेअरबाजार नाही. उत्तर-दक्षिण रेषांना पैसा मिळतो. पूर्व-पश्चिम रेषेला सर्वेक्षण मिळते.

बुलेट ट्रेनच्या मोजणीला इथल्या अनेक ग्रामसभांनी ठराव करून विरोध केला, ही ह्या इतिहासातली नवी गोष्ट आहे. केनेडीच्या काळी ग्रामसभा नव्हती. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत करणे बंधनकारक झाले. सल्लामसलत आणि संमती ह्या दोन शब्दांच्या फटीतून पुष्कळ जमीन गेली हेही खरे. आज खांब उभे राहत आहेत. तरीपण १९७० पासून भूमिसेनेने, १९७८ पासून कष्टकरी संघटनेने ह्या भागात आदिवासींना स्वतःच्या जमिनीविषयी उभे राहून बोलायला शिकवले होते, त्या शिकवणीचा पुढचा पाठ ह्या ठरावांत दिसतो. रेषा कुठून जावी हा केवळ तज्ज्ञांचा विषय नाही, असे पाड्याने प्रथमच कागदावर लिहून दिले.

ह्या संदर्भात मला नेहमी सोपाऱ्याची आठवण होते. नालासोपारा स्टेशनावर रोज लोटणाऱ्या गर्दीत किती जणांना ठाऊक असेल की जवळच सम्राट अशोकाच्या काळचे बंदर होते? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, आणि तिथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्या लेखाचा विषय प्रवास आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी दौरे काढीत. अशोकाने ते बंद करून धम्मयात्रा सुरू केली, आणि त्या यात्रेत खेड्यापाड्यांतील लोकांना भेटणे, त्यांच्याशी धम्माविषयी प्रश्नोत्तरे करणे हे राजाचे काम म्हणून सांगितले. ह्या पट्ट्यातून वाट काढणाऱ्या राज्यकर्त्याने इथल्या लोकांना भेटून विचारावे, ही अपेक्षा परदेशातून आलेली किंवा कालची नाही. ती इथल्याच दगडावर खोदलेली होती, फक्त रूळ टाकणाऱ्यांनी ती उशिरा खणून काढली आणि वाचली अजून नाही.

आमच्या स्वतःच्या लोकांचे काय, हा प्रश्न राहिलाच. मोबदला सातबाऱ्यावर मिळतो. आदिवासीकडे निदान २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा तरी आहे. गायरानाच्या कडेला, स्टेशनामागच्या पट्टीत, खदानीच्या बाजूला झोपडी टाकून राहिलेल्या बौद्ध किंवा मातंग कुटुंबाकडे दावा सांगायला काही नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने एक मोठी गोष्ट केली होती. जो भूमिहीन माणूस तीन वर्षे त्या जमिनीवरच्या मजुरीवर जगत होता त्यालाही त्याने बाधित कुटुंब मानले, आणि कोणावर काय परिणाम होईल ह्याचा सामाजिक अभ्यास आधी करायला सांगितले. पुढे महाराष्ट्राने २०१८ साली दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना ह्या अभ्यासातून सूट देण्याची सोय करून घेतली. शिवाय थेट खरेदीचा मार्ग आहेच. थेट खरेदीत टेबलाच्या एका बाजूला घेणारा आणि दुसऱ्या बाजूला सातबारावाला बसतो. त्या शेतात लावणी करणारी बाई टेबलापाशी नसते. तिचे नाव कोणत्याच यादीत येत नाही, कारण अभ्यासच झालेला नसतो. आमच्या कार्यकर्त्यांनी मोर्चाच्या घोषणांइतकेच लक्ष ह्या याद्यांकडे दिले असते तर बरे झाले असते. मी स्वतः दिले नाही, हे कबूल करतो. मोजणी चालू होती त्या दिवसांत मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो.

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला मी एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या घरापासून कॉलेजपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढून आणायचा, आणि कुठे चालत, कुठे डमडमने, कुठे एस.टी.ने, कुठे गाडीने हे लिहायचे. बोईसर आणि पालघर गावातल्या मुलांचे नकाशे रेल्वेपासून सुरू झाले. पूर्वेकडच्या पाड्यांतल्या मुलांच्या नकाशांत रेल्वे कागदाच्या अगदी डाव्या कडेला, एका रेघेइतकी. एका मुलीच्या नकाशात घर, विहीर, ताडाची झाडे, ओहोळ, मग शेताच्या बांधावरची पायवाट, आणि त्या पायवाटेला छेदून जाणारी एका ओळीत काढलेली मोठमोठी चौकोनी खोडे. ही कसली झाडे म्हणून मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, सर, हे बुलेटचे खांब आहेत. आमच्या वाटेवर आलेत म्हणून काढले. तिथून डांबरी रस्त्याला यायला तिला पाऊण तास लागतो, पुढे डमडम मिळाली तर. खांबांच्या वर तिने काहीच काढले नव्हते, आणि गाडी कुठे थांबणार ते माहीत नाही म्हणून स्टेशनासाठी कागदावर जागा सोडून ठेवली होती.